जबाबदारीने आणि अर्थपूर्ण जगायचं तर रोजच्या व्यवहारात कोणती तत्त्वं पाळावीत?

पहाटे उठणं, ध्यान, वाचन हे सगळं चांगलंच आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. मला एकच तत्त्व नीट माहितीय कारण ते घरात बघितलंय. आपल्याकडे ज्याने काम केलं त्याचे पैसे आधी द्यायचे, आपले आलेले नसले तरी.

माझं माहेर नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातलं, साडेतीन एकर द्राक्षबाग, सगळी थॉमसन जातीची. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या टायमाला सुरगाण्याकडून मजुरांची टोळी यायची ती विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) सगळं करत काढणीपर्यंत बागेतल्या शेडमध्येच राहायची. हजेरीची वही माझ्याकडे, हजेरी निळ्या पेनाने आणि उचल, म्हणजे आधी घेतलेले पैसे, लाल पेनाने. मी बारावीला होते त्या वर्षी माल एक नंबर निघाला, व्यापाऱ्याने फेब्रुवारीत बाग खाली केली, स्वतः उभा राहून क्रेट भरून घेतले, पन्नास हजार रोख दिले आणि राहिलेल्या सहा लाखांचा चेक. चेक बाउन्स, फोन बंद, खोलीला कुलूप. आमच्याकडच्या बागायतदारांना हे सांगायला नको, कोणाचे ना कोणाचे असे बुडालेले असतात.

होळी नऊ दिवसांवर आलेली. होळीला ही माणसं गावी जातातच, आणि टोळीचे ब्याऐंशी हजार देणं होतं. दादा म्हणाला, त्यांना सांगा आपलेच बुडाले, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला देऊ. अण्णा, म्हणजे माझे वडील, काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईच्या पाटल्या आणि पोत गहाण ठेवून पैसे आणले, ओट्यावर बसले आणि मला वहीतलं एकेक नाव वाचायला लावलं. मी नाव वाचायचे, उचल वजा करून आकडा सांगायचे, ते नोटा मोजायचे. एका बाईने पैसे दोनदा मोजले, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि विचारलं, अण्णा तुमचे आले का? अण्णा म्हणाले, येतील. ते आजपर्यंत आले नाहीत.

दादाचं अजूनही म्हणणं आहे की अण्णांनी घरच्यांच्या आधी बाहेरच्यांचं बघितलं. मला हे अजिबात पटत नाही. व्यापारी कोणी निवडला? अण्णांनी, किलोमागे दोन रुपये जास्त देतो म्हणून. ते दोन रुपये मिळाले असते तर टोळीला वाटणार होतो का आपण? नाही ना, मग बुडाले तेव्हा त्यांना वाटेकरी कसं करायचं? तुम्ही विचारलेली जबाबदारी माझ्या मते एवढीच, निर्णय ज्याचा त्याने खड्डा पण भरायचा, मग शेती असो, दुकान असो की घरातली धुणंभांड्याची बाई असो.

आता अण्णांचं सगळंच बरोबर होतं असं नाही हां. दागिने आईचे होते, तिला विचारलं नाही, नुसतं काढून दे म्हणाले. तीन वर्षांनी पाटल्या सुटल्या, पोत गेलीच. आई कधी बोलली नाही पण लग्नाकार्यात गळ्यापाशी पदर ओढून बसायची ते मी बघितलंय. आणि चेक परत आल्यावर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, त्यानंतर पैसे द्यायला समोरच्याला 15 दिवस, तरीही नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. अण्णा ते 30 दिवस त्या माणसाला शोधत फिरले आणि मुदत गेली. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी वकील गाठा, माणूस नंतर शोधा.

दादाचं आता सातपूरला वर्कशॉप आहे. दादा, तू हे वाचशील माहितीय मला. पार्टीचं पेमेंट अडकलंय म्हणून दोन पोरांचा मागचा पगार राहिलाय, वहिनी बोलली. पार्टी तू निवडलीस, शनिवारच्या आत देऊन टाक.