आधी बीपीचा कफ बघा, मग गोळी वाढवा

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत, बीपीची एक गोळी चालू आहे. दवाखान्यात बीपी १६०/९४ भरतं, घरच्या मशीनवर १२८/७८. खरं कोणतं? गोळी वाढवायची का? (सांगली)

दोन्ही खरी असू शकतात. जिना चढून, तासभर ताटकळून डॉक्टरांसमोर बसलं की अनेकांचं बीपी चढतं. पण घरचा आकडा मानण्याआधी तो कसा घेतला ते पाहू. मशीन दंडाचं हवं, मनगटाचं नको. जाड दंडाला लहान कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं. आमच्या दवाखान्यांतही ही चूक सर्रास होते. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून यावं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं. पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, कफ शर्टाच्या बाहीवर नव्हे तर उघड्या दंडावर. आणि मोजताना बोलायचं नाही. (‘किती आलं गं?’ एवढंसुद्धा नाही.)

सात दिवस सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरली, तर घरी ती १३५/८५ असते. सरासरी त्याच्या आत असेल तर गोळी वाढवायची घाई मी करणार नाही. मशीन एकदा दवाखान्यात नेऊन ताडून घ्या. वडिलांना उठताना चक्कर येत असेल, तर उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर गोळी वाढवल्यावर ते चक्कर येऊन पडायचे. चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका.

प्रश्न : वय ३१. एचबीए१सी ६.१ आलं, उपाशीपोटी साखर ८८. हिमोग्लोबिन ८.४ आहे. मला मधुमेह सुरू झाला का? (नंदुरबार)

यावरून तसं म्हणता येत नाही. एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी बनतात, जुन्यांचा भरणा राहतो आणि आकडा फुगतो. सिकलसेलमध्ये (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) उलटं : पेशी लवकर मरतात, आकडा खोटा कमी येतो. तुमच्या भागात आणि विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, तेव्हा ती तपासणी झाली नसेल तर करून घ्या. साखरेची शंका असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्या. मधुमेह म्हणायला उपाशी १२६ किंवा दोन तासांनी २०० लागते, आणि लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करावी लागते.

मला काळजी हिमोग्लोबिनच्या ८.४ची वाटते, ते बरंच कमी आहे. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का? आधी ते शोधा.

प्रश्न : थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ६.८, टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) नॉर्मल. थायरॉइडची गोळी घेतली तर वजन उतरेल? (ठाणे)

त्या आशेवर घेऊ नका. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा, बऱ्याचदा तो आपोआप खाली येतो. १०च्या वर राहिला तर गोळीचा विचार करावाच लागतो. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर मात्र न थांबता डॉक्टरांना भेटा. आणि गोळी सुरू झालीच तर ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी.