‘शेवटच्या दोनच खोल्या’ असे वेबसाइटवर लिहावे का?

प्रश्न : पंचवटीत, रामकुंडापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमचे लहानसे लॉज आहे. सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे आम्ही वेबसाइट तयार करून घेत आहोत. डिझायनरने दाखवलेल्या नमुन्यात प्रत्येक खोलीखाली ‘शेवटच्या २ खोल्या शिल्लक, ३० जण आत्ता पाहत आहेत’ अशी लाल पट्टी आहे, १५ मिनिटांचे उलटे घड्याळ आहे आणि नाश्त्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली आहे. मोठ्या कंपन्या हेच करतात, असे त्याचे म्हणणे. परंतु अमेरिकेत अ‍ॅमेझॉनला अशाच कारणावरून मोठी रक्कम भरावी लागल्याची बातमी वाचनात आली. आपल्याकडे याला कायद्याची आडकाठी आहे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आहे, आणि आपल्या नमुन्यातील वाक्य तर जवळजवळ जसेच्या तसे नियमांतच उदाहरण म्हणून दिलेले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. ग्राहकाला भुलवणाऱ्या किंवा अडकवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार त्यांत नोंदवले असून, खोटी घाई निर्माण करण्याच्या प्रकाराखाली दोन खोल्या आणि तीस जणांचेच उदाहरण आहे. या सूचना केवळ बड्या प्लॅटफॉर्मपुरत्या नाहीत. त्या जाहिरातदार आणि विक्रेत्यांनाही लागू असल्याने लॉज लहान आहे म्हणून सूट मिळत नाही. फसवणूक झाल्याचे वाटल्यास आपला पाहुणा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो.

अ‍ॅमेझॉनचे प्रकरण थोडे निराळे आहे. प्राइम या सशुल्क सेवेचे सदस्यत्व ग्राहकांच्या स्पष्ट संमतीशिवाय गळ्यात मारले जाते आणि ते रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे, असा तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. २०२३ मध्ये दाखल झालेला तो दावा सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर मिटला. त्यांपैकी १ अब्ज दंड आणि दीड अब्ज ग्राहकांना परतावा. कंपनीने चूक मान्य केलेली नाही. आपल्या व्यवसायाला अधिक जवळचे उदाहरण हॉटेलच्या खोल्या आरक्षित करून देणाऱ्या बुकिंग डॉट कॉम या संकेतस्थळाचे आहे. युरोपीय आयोगाने विचारणा केल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये या कंपनीने कबूल केले, की ‘शेवटची खोली’ असे लिहिताना ती फक्त आपल्या संकेतस्थळापुरती आहे हे स्पष्ट केले जाईल आणि तोच दर पुढेही मिळणार असेल तर तो मर्यादित काळाचा म्हणून दाखवला जाणार नाही. तेव्हा मोठ्या कंपन्यांचा दाखला डिझायनरच्या बाजूने फारसा उभा राहत नाही.

तो नमुना आपण स्वतः तपासून पाहावा. पान पुन्हा उघडल्यावर ३० चे २७ किंवा ४१ होत असतील, तर तो आकडा यादृच्छिकपणे तयार केलेला असण्याची दाट शक्यता आहे. ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत तेच पान उघडल्यावर घड्याळ पुन्हा १५ मिनिटांवरून सुरू झाले, तर त्याचा खोलीच्या दराशी काहीही संबंध नाही. आषाढातल्या एखाद्या ओस दिवशीही हीच पट्टी झळकत राहिली, तर २०२७ मधील पर्वणीला खोल्या खरोखर संपत आल्यावर तिच्यावर कोण विश्वास ठेवील?

नाश्त्याची खूण मात्र निमूटपणे काढून टाकावी. पाहुण्याने न मागितलेली सशुल्क वस्तू बिलात घालणे हाही त्या १३ प्रकारांपैकीच एक आहे. ‘नाश्ता नको’ हा पर्याय पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात दिला असेल, तर तोही बदलावा. कमी दिसणाऱ्यांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या प्रचलित निकषांनुसार साध्या मजकुराच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचे प्रमाण (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावे लागते, आणि आपल्याकडे येणाऱ्या यात्रेकरूंत मुलाच्या फोनवरून, भर उन्हात खोली शोधणारे वयस्कर लोक पुष्कळ असणार. कर आणि इतर आकारांसह एकूण भाडे पहिल्याच पानावर दाखवावे. पैसे भरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर रक्कम वाढवणे हेदेखील नियमाविरुद्ध आहे.

शिल्लक खोल्यांची संख्या दाखवण्यास कोणाचीच हरकत नाही, ती खरी असली म्हणजे झाले, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. आपल्यासारख्या लॉजमध्ये काही बुकिंग फोनवर होते, काही पाहुणे थेट दारात येऊन उभे राहतात आणि त्यांची नोंद काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये होते. वेबसाइटला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून रजिस्टर आणि वेबसाइट यांची नोंद एकाच ठिकाणी होईल अशी व्यवस्था डिझायनरकडून करून घ्यावी. पर्वणीच्या गर्दीत ती नोंद सांभाळायला माणूस नसेल, तर आकडा न दाखवता ‘कृपया फोन करून खात्री करावी’ एवढे लिहून लॉजचा क्रमांक मोठ्या अक्षरांत द्यावा.