जूनच्या वेळापत्रकाआधी एल.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) हातात घ्या

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. मुलीची पहिली झाली, दुसरीपासून घरीच शिकवायचं ठरलंय, वेळापत्रक कसं लावू आणि पुस्तकांचा कुठला संच घेऊ, असं विचारलंय. त्यावर बाकीचे सांगतीलच. मी अडकले तुमच्या शेवटच्या ओळीवर: "शाळेत अजून कळवलं नाही, फी भरली नाही की नाव आपोआप कमी होईलच."

नाही होत हो. आम्हीही हेच समजून बसलो होतो.

आमच्या मुलाला पहिलीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही पाठवलंच नाही. बाईंचा दोनदा फोन आला, मी तोंडी सांगितलं. अर्ज नाही, पत्र नाही. पुढची पाच वर्षं छान गेली. अकराव्या वर्षी तोच म्हणाला, आई, मला शाळेत जायचंय, तिथे खो-खोची टीम असते. आम्ही शाळा बघितली, गणवेश शिवून घेतला, आणि त्यांनी एल.सी. मागितली.

जुन्या शाळेत जी.आर. रजिस्टर, म्हणजे मुलांच्या नावांची मुख्य नोंदवही, उघडलं तर नाव तसंच होतं. लेखी काही दिलेलं नाही म्हणून राहिलेल्या सत्राची फी आधी भरा म्हणाले. भरली. एल.सी. मिळाली, तर त्यात वडिलांच्या नावाला गुजराती पद्धतीने 'भाई' जोडलेलं. बडोद्यातल्या मराठी घरांना हे नवं नाही. प्रवेशाच्या दिवशी क्लार्क सवयीने लिहून जातो आणि आपण घाईत सही करतो. जन्माच्या दाखल्यात भाई नाही, आधारमध्ये नाही, एल.सी.त मात्र आहे. नव्या शाळेने कागद परत केले. जुनी शाळा म्हणे शिक्षण खात्याच्या कचेरीची मंजुरी आणा, कचेरी म्हणे शाळेकडून प्रस्ताव येऊ दे. माझ्या डायरीत जून ते नोव्हेंबर चौदा खेपांची नोंद आहे. कधी साहेब मीटिंगला, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर, कधी झेरॉक्सवर सही राहिली. कुठली कचेरी ते इथे लिहीत नाही. पण तिथल्या एका बाईंनी मुलाच्या तोंडावर विचारलं होतं, "इतकी वर्षं हा करत काय होता?" तो हळूच म्हणाला, "वाचत होतो." त्या प्रश्नाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तो दर रविवारी नवे बूट पुसून दाराशी ठेवायचा. प्रवेश मिळाला तोपर्यंत पँट घोट्याच्या वर गेली होती.

सुटका झाली ती ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांमुळे. २००९ च्या आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याचं कलम ४ त्यांनी वाचून दाखवलं: सहा वर्षांवरचं मूल शाळेत गेलेलं नसेल किंवा मध्येच सुटलं असेल, तर त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात घ्यायचं. कलम ५ म्हणतं, दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. हे कलम सरकारी आणि अनुदानित शाळेत जाताना लागू होतं, हव्या त्या खाजगी शाळेवर जोर करता येत नाही. मग महापालिकेच्या शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापिकेने त्याच दिवशी सहावीत बसवलं, कागद नंतर द्या म्हणाल्या. ज्या शाळेचा आम्ही विचारही केला नव्हता, तिथे मुलगा आज खो-खो खेळतोय. 'भाई' पुढे दोन महिन्यांनी निघालं.

म्हणून या आठवड्यातच शाळेत जा. एल.सी.चा अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. त्याआधी जी.आर.मधली नोंद डोळ्यांनी बघा: मुलीचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख. सगळं जन्माच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती नाव पटावर असतानाच मागा, एल.सी. निघाल्यावर तीच दुरुस्ती डोंगर होते. युडायसच्या (शाळा आणि विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदीतही बदल करायला सांगा, नाहीतर मुलगी तिथे त्याच शाळेत दिसत राहील. कारण म्हणून काही जण 'बाहेरगावी जातोय' लिहायला सांगतात. मी लिहिणार नाही. खरं तेच लिहा. (मी वकील नाही, प्रत्येक शाळेची पद्धत वेगळी असते, एकदा जाणकाराला विचारून घ्या.)

पुढे एन.आय.ओ.एस.मधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) जायचं असेल तर त्यांच्या ए, बी, सी या पातळ्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या आहेत, दहावीला किमान वय १४. तिथेही जन्मतारखेचा पुरावा लागतोच.

आता वेळापत्रक. माझं मत स्पष्ट आहे: पहिला महिना लावूच नका, आणि हजारो रुपयांचा संच तर अजिबात घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सकाळी तासभर वाचन, थोडं गणित, पुरे. गुजराती लिपी मात्र लवकर शिकवा. दुकानांच्या पाट्या वाचायला लागल्या की मुलं आपणहून लिहितात. आठवड्यातून एक दिवस मांडवीची सेंट्रल लायब्ररी, एक दिवस कमाटीबागेतलं म्युझियम. तिथल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याजवळ माझा मुलगा पावलाला पाऊल लावून शेपटीपर्यंत चालायचा आणि पावलं मोजायचा. आकडा दर वेळी वेगळा यायचा, कारण पाय वाढत होते. मोजमाप तो तिथे शिकला.

घरच्यांचं बोलणं ऐकावं लागेल, त्याची तयारी ठेवा. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली लायब्ररी उभी केली, आणि तुम्ही पोराला शाळेतून काढता?" मी त्यांना लायब्ररीतच घेऊन गेले. नंतर गोष्टी वाचून दाखवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

एल.सी. मिळाली की इथे कळवा. फोटो टाकू नका, त्यात नाव आणि जी.आर. नंबर असतो. अर्जाचा मजकूर हवा असेल तर मागा, माझ्याकडे आहे.