वाचकांचे प्रश्न : कोकण रेल्वेने काय दिले?

प्रश्न : रेल्वेमार्गावर सरकारने केलेला खर्च त्या भागाच्या अर्थव्यवस्थेला खरोखर उपयोगी पडतो का? कोकणाचा अनुभव काय सांगतो?

उत्तर : पडतो, पण आपोआप नाही. 1990 साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये भागीदार झाली, उरलेला बराच पैसा कर्जरोख्यांतून उभा राहिला आणि जानेवारी 1998 मध्ये रोहा ते मंगळूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. डोंगर पोखरून इतका मार्ग काढण्यास खासगी भांडवल पुढे आले नसते, असे माझे मत आहे.

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर (उघड्या मालडब्यांवर) चढतात, चालक आपल्याच केबिनमध्ये बसून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत जातो आणि घाटातले डिझेल, टायरांची झीज व जागरण वाचते. विकास म्हणतात तो असा दिसतो. मात्र सावंतवाडीसारखी स्थानके शहरापासून दूर असल्याने आंब्याची पेटी फलाटापर्यंत पोहोचवण्याचे भाडे बागायतदारालाच सोसावे लागते. स्थानकाकडे जाणारे रस्ते आणि शीतगृहे यांवरचा खर्च रेल्वेइतकाच निकडीचा आहे.