चहा-कॉफी, कान आणि चक्कर

प्रश्न (फोंडा): कानात सतत रातकिड्यांसारखा आवाज येतो. चहानं वाढतो असं नणंद म्हणाली, म्हणून चहा एकदम बंद केला. दोन दिवस डोकं ठणकतंय आणि आवाजही जास्तच वाटतो.

उत्तर: ताई, चहा पुन्हा सुरू करा. रोजचं कॅफिन एकाएकी तुटलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, चिडचिड सुरू होते, कधी आठवडाभर टिकते. अशा वेळी कानातला आवाजही जास्त छळतो. कॅफिनमुळे हा आवाज येतो, असा ठोस पुरावा नाही. अमेरिकेतल्या ६५ हजारांवर परिचारिकांची दीर्घ पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जास्त कॅफिन घेणाऱ्यांत ही तक्रार उलट कमी आढळली. पण तेवढ्यावरून कुणी मुद्दाम कप वाढवू नयेत, एवढंच. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा झोप मोडत असेल तर संध्याकाळचा चहा सोडा. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) मात्र नक्की करून घ्या. अनेकदा ऐकणं कमी झाल्यामुळेच असा आवाज येऊ लागतो.

प्रश्न (साखळी): वडील सत्तरीचे. अंथरुणात कूस बदलली की घर गरगरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं. कॉफी तोडावी का?

उत्तर: कॉफीला दोष देऊ नका. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नलिकेत शिरले की असंच होतं. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते परत जागी आणतात. बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर सरळ गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या.

प्रश्न (म्हापसा): मेनिएरचं निदान झालंय. मीठ, कॉफी कमी करा म्हणाले. मी दिवसाला चार कप घेते. खरंच गरज आहे?

उत्तर: या आजारात आतल्या कानात द्रव साठतो. चक्कर तासन्‌तास चालते, कान जड होतो, ऐकू कमी येतं. हा पथ्याचा सल्ला फार जुना, पण काटेकोर चाचण्यांनी तो अजून सिद्ध झालेला नाही. तरी काही रुग्णांना स्पष्ट फरक पडतो, म्हणून मी तो टाकून देत नाही. दर तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करा. कप, झोप, जेवणातलं खारं (लोणचं, सुका बांगडा) आणि चक्कर यांची रोज नोंद ठेवा. दीड महिन्यात फरक दिसला नाही, तर दोन कप खुशाल घ्या. मात्र एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर नोंदींची वाट पाहू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. उपचार जितका लवकर, तितकी श्रवणशक्ती परतण्याची शक्यता जास्त.