दक्षिणेकडच्या बाल्कनीत भाजी कधी आणि कोणती लावावी

आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दक्षिणेकडे उघडणारी बाल्कनी आहे, मार्चमध्ये टोमॅटो आणि ढोबळी मिरची लावली, पाला भरपूर आला पण फुले गळून गेली, तेव्हा खत बदलावे की सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर फूटभर मातीचे वाफे करावेत, म्हणजे घरापुरती भाजी घरीच होईल? माझ्या मते दोष खताचा नाही आणि जागेचाही नाही, तो हंगामाचा आहे. दक्षिणेकडची बाल्कनी ही रब्बीची जागा आहे, आणि आपण तिच्यात उन्हाळी पीक घेत होतात.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आपला सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच नसतो. पुण्यात मेच्या मध्यावर तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला दक्षिणेच्या बाल्कनीत दुपारचे थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब आपल्या जमिनीपासून ९ फुटांवर धरला, तर डिसेंबरात दुपारचे ऊन कठड्यापासून सुमारे ८ फूट आत पोचते, सप्टेंबरच्या अखेरीस सुमारे ३ फूट, आणि एप्रिलच्या मध्यावर जेमतेम दीड फूट. मार्चमध्ये लावलेली आपली रोपे वाढत गेली तसतसे ऊन बाहेर सरकत गेले. त्यात पुण्याचा एप्रिल. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की टोमॅटोचा परागच नीट धरत नाही, आणि फूल देठापासून गळते. अशा वेळी खत वाढवले तर फक्त पाला वाढतो.

म्हणून आता, दसरा तोंडावर आलेला असताना, आपली बाल्कनी कामाला लागण्याची वेळ झाली आहे. टोमॅटोचा हट्ट असेल तर लहान फळाच्या जातीची एक-दोन रोपे आत्ताच लावा, थंडीत फळे मिळतील. मात्र कठडा भरीव असेल तर कुंड्या जमिनीवर ठेवू नका. तीन फुटांच्या भिंतीची सावली डिसेंबरातसुद्धा अडीच फुटांहून अधिक पडते. विटांवर किंवा जुन्या स्टुलावर त्या उंच केल्या की हाच प्रश्न फुकटात सुटतो.

माझा खरा आग्रह पालेभाजीचा आहे. फळभाजीला सहा तासांचे ऊन लागते, पालेभाजी तीन-चार तासांत समाधानी असते, आणि चार माणसांच्या घराला बाल्कनीतून ज्याचा खरोखर उपयोग होतो ते हेच. पालक, चाकवत, चुका, मेथी, कोथिंबीर ही सगळी थंडीची पिके. धणे रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करून पेरावेत आणि आठ-दहा दिवस उगवण दिसली नाही म्हणून माती उकरू नये. मेथी अगदी दाट पेरून दोन-तीन आठवड्यांत कोवळी उपटून घेता येते. मुंबईच्या किनाऱ्यावरची समुद्रमेथी अशीच वाळूत दाट पेरून इवलीशी असतानाच काढतात. लाल माठ उपटण्याऐवजी वरून खुडत राहावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो.

घरापुरत्या भाजीबद्दल मात्र अपेक्षा खरी ठेवावी असे मला मनापासून वाटते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर, ज्यांनी प्रयोग परिवार हे प्रयोगशील शेतकऱ्यांचे जाळे उभे केले आणि शेतीचा हिशेब पानावर पडणाऱ्या उन्हात मांडायला शिकवले, त्यांनीही एका कुटुंबाच्या गरजेसाठी १० गुंठे जमीन धरली होती. १० गुंठे म्हणजे जवळजवळ ११ हजार चौरस फूट. बाल्कनीतून आठवड्याला दोन-तीन वेळची पालेभाजी आणि रोजची कोथिंबीर-पुदिना मिळाला तर ते पुष्कळ आहे.

आता गच्चीबद्दल, आणि इथे मी स्पष्टच बोलतो: फूटभर मातीचे वाफे करू नका. भिजलेली फूटभर माती दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरते, आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार सुमारे १५० किलो आहे. संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय आणि जलरोधनाची खात्री केल्याशिवाय सोसायटीने हो म्हटले तरी आपण पुढे जाऊ नये. शहरी बागेची जुनी जाणती मंडळी या कारणानेही मातीपासून दूर गेली. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी पिशव्या आणि पिंपे मुख्यतः उसाच्या चिपाडाने भरली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली.

हीच पद्धत आपल्या बाल्कनीत चालते, आणि टिकाऊ राहणीचा खरा फायदाही मला इथेच दिसतो, कारण घराबाहेर जाणारा ओला कचरा थांबतो. फळवाल्याकडचा जुना क्रेट घ्या, आतून गोणपाट लावा, तळाशी नारळाच्या शेंड्या आणि त्यावर चार बोटे वाळका पाला. मग रोजची साले-देठे बारीक करून टाका आणि प्रत्येक वेळी त्यांच्या दीडपट-दुप्पट वाळका पाला वर पसरा. गुलमोहराची किंवा पर्जन्यवृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात; वडाची, आंब्याची चिवट असतात, ती चुरून घालावीत. मूठभर मिश्रण दाबले असता तळवा ओला व्हावा पण पाणी टपकू नये. नाकात झोंबणारा वास आला तर पाला कमी पडला आहे. मळकट पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरून औषध मारू नका, कचऱ्यातल्या अशा अळ्या बहुधा कचराच खाऊन संपवतात. शेण-गोमूत्र मिळत असेल तर प्रयोग परिवाराच्या परंपरेतले अमृतजल करा: १० लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज दोन-तीनदा ढवळायचे आणि दहापट पाणी घालून शिंपडायचे. पाला आपल्याला विकत घ्यावा लागणार नाही, तो सोसायटीच्या आवारात झाडून जाळला जातो. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला बंदीच आहे, तेव्हा झाडणाऱ्या मावशींना सांगून दोन पोती बाजूला काढून ठेवायला लावा.

क्रेटमधले हे खत तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर या हंगामापुरते बाजारचे गांडूळखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी माती समप्रमाणात घेऊन पेरणी करा. कोकोपीट आधी दोनदा धुवा, त्यात क्षार असतात, आणि त्यात पोषण जवळजवळ नसते हेही लक्षात ठेवा. होळीनंतर ऊन बाहेर सरकू लागले की तेच क्रेट अळू, मायाळू आणि पुदिन्याला द्या. तिघांनाही प्रखर उन्हाची गरज नाही, फक्त अळूला पाणी कमी पडू देऊ नका, आणि त्याचा कंद शेजारीपाजारी ज्यांच्याकडे वडीचे अळू असेल त्यांच्याकडूनच मागून आणा.