सिनेमातला वेडा आणि घरातला सौरभ

मुलाला स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, निराधार गोष्टींची पक्की खात्री वाटणं असा मानसिक आजार) असल्याचं मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, की समुपदेशनाच्या पहिल्या-दुसऱ्या भेटीत आईवडील तीन प्रश्न हमखास विचारतात. "शॉक देणार नाहीत ना?" "कुणाच्या अंगावर धावून जाईल का?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "लग्न करून दिलं तर सुधारेल का?" शहरातले विचारतात, खेड्यातले विचारतात, भरपूर शिकलेलेही विचारतात. तिन्ही प्रश्नांचा उगम एकच आहे. हा आजार त्यांनी आजवर फक्त पडद्यावर पाहिलेला असतो.

पडद्यावरचा वेडा दोन तऱ्हांचा. एक हसवणारा, दवाखान्याच्या अंगणात हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवणारा. दुसरा रात्री सुरा घेऊन फिरणारा. इस्पितळाला गजांची दारं, टक्क जागा असलेला नायक, त्याला दाबून धरणारे चार वॉर्डबॉय आणि कानशिलाला लावलेल्या तारा. उतारा म्हणून कुणाचं तरी प्रेम. १९६९च्या 'खामोशी'त प्रेमाचं नाटक करून रुग्ण बरे करण्याचं काम एका नर्सवर सोपवतात आणि शेवटी तिचंच मन कोलमडतं. तेवढा प्रामाणिकपणा त्या सिनेमात होता. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की प्रेमाने रुग्ण बरे झाले.

सौरभचं घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं. (नाव बदललं आहे, आणि दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.) वय बावीस, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, धाकटी बहीण 'छोटी' दहावीत. वडिलांचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, माझा मुलगा वेडा नाही. तो तर शांत असतो."

"वेडा म्हणजे कसा असतो, काका?"

त्यांनी भराभर सांगितलं. केस पिंजारलेले, एकटाच हसणारा, कपडे फाडणारा, दगड मारणारा.

"असा कुणी प्रत्यक्ष पाहिलाय? तुमच्या गावात, नात्यात?"

ते थांबले. आठवून पाहिलं. "नाही... पिक्चरातच."

"बरं, आता वेडा बाजूला ठेवू. सौरभ कसा होता ते सांगा. गेल्या दिवाळीपासून."

त्यावर आई बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. रात्रभर जागायचा, दिवसा झोपायचा. मित्रांचे फोन उचलायचा नाही. चार-चार दिवस अंघोळ नाही. दोन विषय राहिले. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली होती. ताटातला पहिला घास आईने खाल्ल्याशिवाय जेवायचा नाही. खिडकीशी उभा राहून पुटपुटायचा. आठ महिने हे चाललं होतं. मध्ये "बाहेरचं काही आहे का" म्हणून देवऋषी झाला, उतारे झाले. तो ओरडत नव्हता, कपडे फाडत नव्हता, म्हणून आजार आहे असं कुणालाच वाटलं नाही.

सिनेमातल्या ठरीव चित्रांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा अपमानाबद्दल बोलतो, आणि अपमान होतोच. पण माझ्या कामात रोज दिसणारं नुकसान उशिराचं आहे. काय शोधायचं हे पडद्याने चुकीचं शिकवलेलं असतं, त्यामुळे समोर घडणारं दिसत नाही. हा आजार बहुतेकांच्या बाबतीत सतरा-अठरा ते तिशीच्या आसपास सुरू होतो आणि बऱ्याचदा चोरपावलांनी येतो: झोप उलटते, माणूस एकलकोंडा होतो, अभ्यास किंवा काम घसरतं, संशय वाढतो. उपचारांविना जितका काळ जातो, तितकं सावरणं अवघड होतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि दोन आठवड्यांत नवाच प्रश्न आला. सौरभ गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकत होता. रात्री खोलीला आतून कडी लावायला लागला होता. आणि स्वयंपाकघरातली विळी नाहीशी झाली होती. ती माळ्यावर, फराळाच्या रिकाम्या डब्यांमागे सापडली. घरात भीतीचं सावट आलं. वडील म्हणाले, "आता हे त्या पिक्चरसारखंच झालं."

अशा वेळी आडून आडून विचारण्यात अर्थ नसतो. हत्याराबद्दल, मारण्याबद्दल, मरण्याबद्दल सरळच विचारावं लागतं. विचारल्याने कल्पना डोक्यात घातली जाते हा गैरसमज आहे. उलट, विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणून माणूस मोकळा होतो.

"विळी तू वर ठेवलीस?"

"हो."

"कशासाठी?"

तो बराच वेळ नखं कुरतडत राहिला. मग म्हणाला, "छोटीला काही केलं म्हणजे?"

"कोण करेल?"

"मीच. माझ्यात दुसरा येणार ना. मला कळणारपण नाही."

"तुला जे आवाज येतात, ते असं करायला सांगतात?"

"नाही. ते नुसते नावं ठेवतात. मारायचं कधी नाही सांगत."

"मग हे तुला कुणी सांगितलं?"

एवढी साधी गोष्ट या बाईला ठाऊक नाही, अशा नजरेने त्याने पाहिलं. "स्किझोफ्रेनिया म्हणजे तेच असतं. दिवसा चांगला माणूस, रात्री वेगळा. पिक्चरमध्ये दाखवतात की."

इथे गाठ सुटली. गेले पंधरा दिवस तो ज्या गोष्टीला भीत होता, ती त्याच्या आजाराने दिलेलीच नव्हती. ती सिनेमाने दिली होती. दवाखान्यात आजाराचं नाव कानावर पडलं आणि लहानपणापासून पाहिलेला खुनी त्या नावाला येऊन चिकटला. गोळी घेणं म्हणजे 'मी तसलाच आहे' ही कबुली, म्हणून गोळी नको. विळी लपवली ती घरच्यांना वाचवण्यासाठी. कडी लावली तीही त्यासाठीच.

या दोन जातींच्या समजुती वेगळ्या ओळखता येणं हेच या कामातलं खरं कसब आहे, असं माझं मत आहे. 'जेवणात विष आहे' ही आजारातून आलेली खात्री. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकत नाही, उलट माणूस दुरावतो. तिथे 'असं काही नाही' म्हणायचं नाही आणि 'हो, खरंय' असंही म्हणायचं नाही. 'तुला तसं वाटतंय, फार भीती वाटत असेल' एवढंच म्हणायचं. पण 'मी खुनी होणार' ही उसनी समजूत. ती कुठून आली हे शोधता येतं, तिला पुरावा मागता येतो, ती खोडताही येते. आपली अर्धीअधिक भीती घटनेतून येत नाही, घटनेला आपण लावलेल्या अर्थातून येते, हे मानणारी मी आहे. आजारी माणसालाही आपल्या आजाराचा अर्थ लावावा लागतो, हे मात्र आपण विसरतो.

सौरभला मी सरळ सांगितलं, की एका अंगात दोन माणसं असणं म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. तो वेगळाच आणि दुर्मीळ आजार आहे, आणि त्यातही माणसं सिनेमातल्यासारखी खून करत फिरत नाहीत. स्किझोफ्रेनिया असलेली बहुतांश माणसं कधीच कुणावर हात उगारत नाहीत. त्यांच्यावरच हात उगारला जाण्याची शक्यता जास्त. धोका वाढतो तो उपचार नसताना, दारू-गांजाची साथ असताना, आधी मारामाऱ्या झाल्या असतील तर, आणि आवाज हुकूम सोडत असतील तर. यातलं काय काय त्याच्याबाबतीत आहे, हे आम्ही एकेक करून तपासलं. उपचार नीट न घेणं एवढं वगळलं, तर बाकी काहीच नव्हतं. आणि उपचार त्याच्याच हातात होते, नेमके तेच तो थुंकत होता.

तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "मग विळी खाली ठेवू?"

"आईच्या हातात दे."

त्याच्या परवानगीने हे घरच्यांना सांगितलं, तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला. "अहो, आम्हीपण रात्री आमच्या खोलीला आतून कडी लावत होतो. त्याच्या भीतीनं." वडील काहीच बोलले नाहीत. त्या रात्री दोन्ही कड्या निघाल्या. आवाज कमी व्हायला पुढे आणखी दीड महिना लागला, पण गोळी नीट पोटात जायला लागली ती त्या दिवसापासून.

आता शॉकबद्दल. सिनेमातलं दृश्य अगदी हवेतून आलेलं नाही. ही पद्धत १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बीनी यांनी सुरू केली आणि पुढे कितीतरी वर्षं अनेक ठिकाणी ती भूल न देता वापरली गेली. आज भारतात तसं करायला कायद्यानेच बंदी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (लागू २०१८ पासून) याच्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करता येत नाही. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. प्रत्यक्षात होतं ते असं: आदल्या रात्रीपासून उपाशी, भूलतज्ज्ञ हजर, शिरेतून औषध, झोप, दातांमध्ये रबरी ठोकळा, काही सेकंद वीज आणि साधारण अर्धा ते एक मिनिट आकडी, तीही अंगापेक्षा यंत्राच्या आलेखावर जास्त दिसणारी. थोड्या वेळात माणूस जागा होतो. डोकं दुखतं, काही काळ गोंधळ असतो. त्या दिवसांतल्या काही गोष्टी आठवत नाहीत. बहुतेक हळूहळू परत येतात, काही कायमच्या पुसल्या जाऊ शकतात, हेही सांगायला हवं. साधारण सहा ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. तीव्र नैराश्यात अन्नपाणी सुटलं असेल, आत्महत्येचा धोका मोठा असेल, शरीर लाकडासारखं ताठलं असेल किंवा औषधं लागू पडत नसतील तेव्हा हा उपचार जीव वाचवतो. सौरभला त्याची गरजच पडली नाही. बहुतेकांना पडत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत घरोघर दोन चुका होतात. पहिली, चहात किंवा भाजीत गोळी कालवून देणं. ज्याला आधीच विषाचा संशय आहे, त्याला हे एकदा कळलं की घरातल्या अन्नावरचा उरलासुरला विश्वासही जातो. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. दुसरी चूक, झोप लागली, हसायला लागला, की दोन महिन्यांत गोळ्या बंद करणं. पहिल्या वेळीही त्या किमान वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात, आणि थांबवायच्या तर डॉक्टरच हळूहळू कमी करतात. हात कडक होणं, सारख्या येरझारा घालाव्याशा वाटणं, वजन वाढणं हे त्रास सहन करत बसू नका. डोस किंवा औषध बदलता येतं. वजन दर महिन्याला पाहा, साखर-कोलेस्टेरॉलची तपासणी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी करून घ्या.

लग्न हा उपचार नाही. आजार स्थिरावलेली माणसं लग्न करतात, संसार करतात, पण समोरच्याला सगळं सांगून. लपवून केलेलं लग्न न्यायालयात रद्द होऊ शकतं, आणि त्याआधी दोन घरं होरपळतात.

सिनेमे बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. पहिले काही महिने, संशय ताजा असताना, खुनाचे आणि भुताखेताचे मात्र टाळा. पुढे घरच्यांनी एकत्र बसून पाहावा असा 'देवराई' (२००४) आहे. त्यातल्या शेषला बहीण आहे, जमीन आहे, राग आहे, प्रेम आहे. आजार ही त्याच्याबद्दलच्या अनेक गोष्टींपैकी एक आहे. कुठलाही सिनेमा पाहताना मुलांना एवढंच विचारा: आजारी पात्राला आजाराखेरीज काही आहे का? कामधंदा, मित्र, आवडीनिवडी? नसेल, तर ते फक्त घाबरवायला किंवा हसवायला आणलेलं आहे, हे दहावीतल्या मुलीलाही कळतं. छोटीला कळलं. वर्गात कुणीतरी "तुझा भाऊ मेंटल आहे ना?" विचारलं, तेव्हा काय म्हणायचं हे तिने माझ्याकडे येऊन ठरवलं होतं: "आजारी होता, औषध चालू आहे, डिप्लोमाचे राहिलेले विषय देतोय." वर्गात तिने शेवटी स्वतःचं जोडलं, "तुझे किती राहिलेत?"

तुमच्या घरात कुणाची झोप, बोलणं, मित्र, अंघोळ काही आठवड्यांत बदलली असेल, तर आरडाओरड्याची वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन करताना 'तो वेड्यासारखा वागतो' असं सांगू नका. झोप किती, जेवण कसं, बोलतो कुणाशी, कधीपासून, एवढं कागदावर लिहून समोर ठेवा आणि तेच वाचून दाखवा.